तुम्ही सांगितलं तसाच

"अण्णा, गाडी ट्रेलरवर उभी राहिली म्हणजे बांधली असं होत नाही!" दस्तगीर फोनवर ओरडत होता. त्याच्यामागं लाऊडस्पीकर, भांडी, बायकांचा गलका. मिरजेत त्याच्या पुतणीचं लग्न होतं. "पट्टा हँडलवरनं घेऊ नका. हँडलच्या खाली जाड लोखंडी जोड हाय बघा, तिथनं ओवा. दोन्ही बाजूंनी सारखा ताण. पुढचे शॉकअप निम्मे दबले पाहिजेत, पुरते न्हाईत. आणि तासाला एकदा थांबून हात लावून बघा. रस्ता पट्टा ढिला करतोयच."

"कळलं मिस्त्री. तीन वर्षं बघतोय तुम्हाला बांधताना."

"बघणं येगळं, अण्णा," तो म्हणाला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं फोन ठेवला.

जयसिंगपुरात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरी भरून द्यायच्या, हा धंदा. शेजारी दस्तगीर बारगीरचं गॅरेज. माझी बायको गेली तेव्हा सन्मती नऊ वर्षांची होती. शाळा सुटली की ती दुकानात यायची, आणि दुकानात तांब्याच्या तारेशिवाय बघण्यासारखं काही नसल्यामुळं शेजारी जाऊन बसायची. दस्तगीरला मूलबाळ नव्हतं. त्यानं तिला आधी स्पॅनर ओळखायला शिकवलं, मग चेन बसवायला, आणि दहावीच्या सुट्टीत मला न विचारता माळावर नेऊन मोटारसायकल चालवायला. मला कळलं तेव्हा मी त्याच्यावर चिडलो होतो. पण एका रविवारी त्यानं मला सोबत नेलं. मातीच्या उंचवट्यावरून माझी पोरगी गाडीसकट हवेत गेली आणि अलगद खाली उतरली. त्यानंतर मी काही बोललो नाही. दोन वर्षांनी मी जीपच्या मागं ओढायचा छोटा ट्रेलर करून घेतला.

त्या शनिवारी सन्मती एकवीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी सासवडच्या बाजूला एका माळावर शर्यत होती आणि बेंगळुरूच्या एका संघाचे लोक खास तिला बघायला येणार होते. गाड्यांची तपासणी शनिवारीच संध्याकाळी सहाला बंद होणार होती. दस्तगीर लग्न उरकून रात्रीच्या एस्टीनं परस्पर येणार होता. शुक्रवारीच त्यानं शर्यतीच्या गाडीला पुढच्या ब्रेकची नवी नळी बसवून ठेवली होती. गाडी ट्रेलरवर चढवून बांधायचं काम तेवढं माझ्यावर आलं होतं.

पुढचं चाक खाचेत बसवलं. सन्मती शॉकअप दाबायला सीटवर बसली आणि रस्त्याकडं बघत बोलू लागली. संघात घेतलं तर बेंगळुरूला राहायला लागेल, तिथं भाकरी मिळते का, पप्पा तुम्ही एकटे काय करणार, असलं सगळं. मी डावीकडचा पट्टा खालच्या जोडातून ओवला. उजवीकडं मडगार्डच्या आत हात जाईना. दोनदा प्रयत्न केला, बोटाची साल निघाली. घड्याळात सव्वाबारा झाले होते. उजवीकडचा पट्टा मी हँडलवरून घेतला, खटका मारमारून ताणला आणि गाडी हलवून पाहिली. ती जागची हलली नाही.

"झालं?" सन्मतीनं विचारलं.

"झालं. उतर."

कराडला चहा घेतला, पण जीप लांब लावली होती आणि ट्रेलरकडं गेलो नाही. सातारच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललं होतं. पाच-सहा किलोमीटर नुसते खड्डे. ट्रेलर मागं धडधडत होता.

"पप्पा, थांबून बघूया का? दस्तगीरचाचा म्हणाले होते तासाला बघा."

"मी बांधलंय ना? तपासणी चुकली तर संघवाले हात हलवत परत जातील."

ती हसली आणि खिडकीतून बाहेर बघू लागली.

साडेपाचला माळावर पोचलो. सन्मती कागद घेऊन नाव नोंदवायला पळाली. मी ट्रेलरचं फळकूट पाडलं. गाडी थोडी डावीकडं कलली होती. उजवा पट्टा हँडलवरून सरकून खाली आला होता आणि ब्रेकच्या नळीवर रेलला होता. पट्टा सोडला, नळी तिच्या चापात परत नीट बसवली आणि ब्रेकची दांडी दाबली. ती टणक लागली. पुन्हा दोनदा दाबली. मग गाडी उतरवून तपासणीला नेली. तिथल्या माणसानंही दांडी दाबली, चाकं फिरवली, टाकीवर चिठ्ठी चिकटवली.

सकाळी आठच्या सुमाराला दस्तगीर आला. लग्नातला नवा शर्ट तसाच अंगावर, हातात मिठाईचा पुडा. आधी सन्मतीच्या तोंडात लाडू घातला आणि मग गाडीपाशी बसला. चेन, चाकांची हवा, ब्रेकचे जोड हातानं चाचपले.

"अण्णा, बांधताना काही तरास?"

"काही नाही."

"वाटेत थांबलासा?"

"थांबलो की."

त्यानं मान डोलावली. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

चौथ्या फेरीला सन्मती दुसरी होती. पुढच्या मुलाच्या चाकाला तिचं चाक लागायला आलं होतं. मोठ्या उंचवट्यानंतर तिथं उतार होता आणि उताराच्या तळाशी एकदम उजवीकडं वळण. ती हवेतून नीट उतरली. मी टाळी वाजवायला हात वर केले होते. पण वळणाशी गाडी हळू झालीच नाही. ती सरळ गेली, कडेला रचलेल्या टायरांवर चढली आणि पलीकडं पडली.

आम्ही पोचलो तेव्हा सन्मती शुद्धीत होती. हेल्मेटच्या आतून तिचे डोळे मला शोधत होते.

"पप्पा, दांडी एकदम सैल लागली," ती म्हणाली. "हाताला काही लागलंच नाही." मग थोड्या वेळानं, "माझे बूट कुणी काढले?"

बूट तिच्या पायांतच होते.

पुण्याच्या इस्पितळात दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं. मणक्याचा भाग दबलाय, मज्जारज्जू तुटलाय. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मी त्या चित्राकडं बघत राहिलो. चित्रातल्या रेघेच्या खाली माझ्या पोरीचं जे काही होतं, ते आता तिला जाणवणार नव्हतं.

बाहेर बाकड्यावर दस्तगीर बसला होता. अजून तोच नवा शर्ट. समोर माझा मेहुणा बाळगोंडा येरझारा घालत होता. तो सकाळीच सांगलीहून आला होता आणि येताना शर्यतीच्या लोकांना भेटून आला होता.

"ब्रेकची नळी फुटली म्हणे," तो दस्तगीरवर गरजला. "जोडापासून दोन बोटांवर. नवी नळी होती. कुणी बसवली होती?"

"मी," दस्तगीर उठून उभा राहिला.

"मग नवी नळी फुटती कशी? जास्त आवळून जोड पिरगाळलास काय?"

दस्तगीर माझ्याकडं वळला. त्याच्या आवाजात आरोप नव्हता. पंक्चर शोधताना माणूस टायरवर पाणी ओतून जसा बघतो, तसा तो बघत होता.

"अण्णा, एवढंच सांगा. उजवीकडचा पट्टा कुठनं घेतला होता?"

कॉरिडॉरमध्ये एक नर्स ढकलगाडी घेऊन चालली होती. ती पुढं जाईपर्यंत मी थांबलो. तेवढा वेळ मला मिळाला होता.

"तुम्ही सांगितलं तसाच," मी म्हणालो. "खालच्या जोडातून."

"दोन्ही बाजूंनी?"

"दोन्ही."

दस्तगीरनं सावकाश मान हलवली. स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं, बोटं उघडली, मिटली.

"मग माझ्याकडूनच झालं," तो म्हणाला.

बाळगोंडानं त्याची कॉलर धरली. मी मध्ये पडून सोडवलं. दस्तगीरनं जाताना माझे हात हातात घेतले. "अण्णा, आज तुम्ही होतासा म्हणून," एवढंच म्हणाला आणि जिन्यानं खाली गेला.

आम्ही तीन महिन्यांनी जयसिंगपूरला परतलो तेव्हा गॅरेजच्या शटरला कुलूप होतं. हत्यारं विकून तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी, बेडगला गेला, असं समोरच्या पानवाल्यानं सांगितलं. पुढं कधीतरी कळलं की तो तिथं औषध फवारायचे पंप दुरुस्त करतो.

सन्मती पहिलं वर्ष भिंतीकडं तोंड करून होती. दुसऱ्या वर्षी ती मला ओरडायला लागली, तेव्हा मला बरं वाटलं. तिसऱ्या वर्षी तिनं स्कूटरला मागं दोन चाकं जोडून घेतली आणि बाजारातून एकटी भाजी घेऊन आली. मग तेच तिचं काम झालं. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी ती गाड्या तयार करून देऊ लागली. माझ्या दुकानाचा निम्मा भाग तिनं घेतला. कोल्हापूर, बेळगावहून माणसं यायची. खुर्चीत बसून ती कागदावर आखून द्यायची, वेल्डर जोडायचा. तिला जीपमध्ये बसवणं-उतरवणं, आंघोळीच्या पाटावर नेणं, हे सगळं मी करायचो. "पप्पा, तुमच्याइतकं नीट कुणाला उचलता येत नाही," ती म्हणायची.

दस्तगीरचं नाव आमच्या घरात निघत नव्हतं. मला वाटायचं, ती त्याचा राग करत असेल.

अकरा वर्षांनंतर एका सकाळी नाश्ता करताना ती म्हणाली, "पप्पा, आज बेडगला जाऊ."

मी पोह्यांचा घास परत ताटलीत ठेवला. "कशाला?"

"मला एक पक्का मिस्त्री पाहिजे. वेल्डर लोखंड जोडतो, त्याला गाडी कळत नाही. चाचांसारखा हात दुसरा नाही." तिनं पाण्याचा पेला भरला. "आणि मी त्यांना माफ केलंय. कधीचंच. पण ते त्यांना कुणी सांगितलंय? सांगितल्याशिवाय माणूस सुटत नाही हो."

"उद्या जाऊ," मी म्हणालो.

"अकरा वर्षं उद्याच चाललंय."

मिरज ओलांडून बेडगच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा. ती सारखी बोलत होती. चाचा तिला स्पॅनरचे आकडे कसे पाठ करून घ्यायचे, चुकलं की कसे पेढा काढून घ्यायचे. मी तिला वाटेतच सांगायचं ठरवलं होतं. मालगाव गेलं. एक कॅनॉल गेला. आता सांगू, त्या झाडापाशी सांगू, असं करत करत गावाची कमान आली.

दस्तगीरचं घर पत्र्याचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. एका कडेला फवारणीचे पंप ओळीनं मांडलेले. तो वाळला होता, दाढी पूर्ण पांढरी झाली होती. जीपमधून मी सन्मतीला उचलून खुर्चीत ठेवलं, तेव्हा तो अंगणाच्या मधोमध उभा राहून बघत होता. जवळ आला नाही. त्याची बायको जैतून दारातून पळत आली आणि सन्मतीच्या पायांशी बसून तिचे पाय चेपू लागली. सन्मतीच्या पायांना ते कळत नव्हतं, पण तिनं तिला थांबवलं नाही.

चहा झाला. सन्मतीनं दुकानाचं सांगितलं, गाड्यांचे फोटो दाखवले. दस्तगीर एकेका फोटोवर बोट ठेवून विचारत होता. मागचा आस कुठला वापरला, वळताना उलटत नाही का. बोलता बोलता त्याचे डोळे जुन्यासारखे झाले.

"मग येताय ना चाचा?"

"यीन की पोरी. ब्रेक सोडून काय सांगशील ते करीन."

"ब्रेक का सोडून?"

त्यानं मान खाली घातली. जैतूनच बोलली. "सायकलच्या बी ब्रेकला हात लावत न्हाईत. गावातली पोरं घेऊन येतात, परत पाठवतात. रात्री झोपेत हात फिरतो ह्यांचा, असा, पाना फिरवल्यागत. मी हात धरून झोपती."

"मी लई आठवून बघितलं सनू," दस्तगीर म्हणाला. "त्या शुक्रवारी पाना किती फिरवला, किती जोर लावला. कधी वाटतं बरोबर होतं. कधी वाटतं जास्त झालं. आता मला खरंच ठाऊक न्हाई."

सन्मतीनं खुर्ची पुढं घेतली आणि त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"चाचा, मी माफ केलंय. ऐकताय ना? चूक कुणाकडूनही होते. मी तुम्हाला माफ केलंय."

तो म्हातारा माणूस तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडू लागला. "उपकार झाले पोरी, उपकार झाले," असं म्हणत राहिला. जैतूननं पदर तोंडाला लावला. सन्मतीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर फार समाधान होतं.

"नळी मिस्त्रींच्यामुळं फुटली नाही," मी म्हणालो.

ती तिघंही माझ्याकडं बघत राहिली.

"उजवा पट्टा मी हँडलवरून घेतला होता. वाटेत कुठंच थांबून बघितला नाही. माळावर पोचलो तेव्हा पट्टा नळीवर आला होता. नळीची साल घासून आतलं विणकाम दिसत होतं. करंगळीच्या नखाएवढं." मला थांबता येत नव्हतं. "नळी बदलायला नव्हती. संघवाले आले होते. वाटलं, एवढ्यानं काय होतंय. मी नळी चापात फिरवून बसवली. घासलेली बाजू आत. म्हणून सकाळी मिस्त्रींना दिसली नाही. इस्पितळात त्यांनी विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो."

कोंबड्या अंगणात काहीतरी टिपत होत्या. दस्तगीर तसाच गुडघे टेकून बसला होता.

"म्हणजे," तो हळू म्हणाला, "जोड माझा बरोबर होता?"

"बरोबर होता."

"पिरगाळला नव्हता?"

"नाही मिस्त्री."

त्यानं माझी कॉलर धरली असती, शिवी दिली असती, तर मी निमूट उभा राहिलो असतो. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. लहान पोराच्या चेहऱ्यावर यावं तसं.

"जैतून, ऐकलंस? जोड बरोबर होता गं! माझा हात चुकला नव्हता!" तो बायकोचे खांदे धरून हलवत होता, हसत होता, डोळे वाहत होते. मग त्याची नजर सन्मतीवर गेली आणि तो एकदम थांबला, चोरी सापडल्यासारखा.

सन्मती माझ्याकडं बघत नव्हती. तिनं खुर्ची जीपच्या दिशेला वळवली.

"चाचा, मला गाडीत बसवता का?"

"मी? अण्णा हायत की."

"तुम्ही बसवा."

त्याला उचलायचं कसं ते ठाऊक नव्हतं. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, एवढं तिनं सांगितलं. जैतूननं तिचे पाय धरले. जीपच्या दारात तिचं डोकं जरा आपटलं. मी घडी केलेली खुर्ची धरून बाजूला उभा होतो.

दुसऱ्या दिवसापासून आंघोळीला नेण्यासाठी तिनं एक बाई ठेवली. दस्तगीर पुढच्या महिन्यात कामाला आला. पहिल्याच दिवशी त्यानं एका स्कूटरचा पुढचा ब्रेक खोलून पुन्हा जोडला आणि दुपारपर्यंत तो दहादा दाबून बघत होता. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलतो. चहा आला की "अण्णा, घ्या" म्हणतो. त्यानं मला कधी काही विचारलं नाही. सन्मतीही जेवलात का, गोळी घेतली का, विचारते. मीही उत्तर देतो.

त्या दिवसाबद्दल ती एकदाच बोलली. दोन वर्षं उलटून गेली होती. मी दुकानात मोटरीला तार गुंडाळत बसलो होतो आणि ती समोर कागदावर काही आखत होती. मान वर न करता म्हणाली,

"पप्पा, त्या संध्याकाळी माळावर नळी घासलीय असं मला सांगितलं असतं, तर मी काय म्हणाले असते, ठाऊक आहे?"

"काय?"

"'ही शर्यत ऱ्हाऊ दे, पुढच्या वेळी बघू.' एवढंच म्हणाले असते."

तिनं पट्टी उचलली आणि रेघ ओढायला घेतली.